मी पौर्णिमाच्या नावानं उघडत होतो

मी एक कनेक्शन प्रोफाइल बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. देवळीच्या एका लहान दवाखान्यात, रक्त तपासायच्या खोलीत एक संगणक होता. त्याच्या पडद्यावर डाव्या हाताला मी एक चित्र होऊन बसलेला असे. चित्राखाली लिहिलेलं होतं, ‘पौर्णिमा’. माझ्यावर दोनदा टिचकी मारली की वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयातला संगणक देवळीच्या पडद्यावर उघडायचा. यंत्र तिथलं, बोटं इथली.

माझ्या पोटात फार काही नव्हतं. वर्ध्याच्या यंत्राचा पत्ता, पडदा केवढा उघडायचा, कागद कोणत्या छपाईयंत्रावर काढायचा आणि आत जाणाऱ्याचं नाव. एवढ्यात मी संपतो.

माझा जन्म २००४ सालचा, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. वर्ध्याहून योगेंद्र आला होता. दोन्ही ठिकाणचे संगणक सांभाळणारा तो एकटाच माणूस. तासाभरात त्यानं आम्हा तिघांना घडवलं. एक पौर्णिमाच्या नावाचा, एक चंद्रभानच्या आणि एक अण्णाजींच्या. प्रत्येकानं आपापल्या नावानंच आत जायचं, आपला पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही, असं त्यानं समजावलं आणि तिघांची एका छापील कागदावर सही घेतली. तो कागद पुढे किती जड होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

पौर्णिमा पिपरी मेघेची. वडील बाबाराव गवंडीकाम करायचे, आई धुरपता घर सांभाळायची. रक्त तपासण्याचा अभ्यासक्रम पुरा करून लागलेली ही तिची पहिली नोकरी. सकाळच्या बसनं यायची. तिची एक सवय होती. नळीवरचा नंबर ती आधी मनात वाचायची, मग हळू आवाजात म्हणायची आणि मगच आकडा टाकायची. सुरुवातीला चंद्रभान तिला हसायचा.

चंद्रभान देवळीचाच. काचपट्टीवरचे मलेरियाचे जंतू त्याच्याइतके पटकन कुणाला सापडत नसत. सूक्ष्मदर्शकावर वाकलेला चंद्रभान वेगळाच माणूस वाटायचा, आणि संगणकापुढे बसला की एकदम म्हातारा दिसायचा. एका बोटानं एकेक अक्षर शोधायचा. पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागे. तो विसरायचा, चुकीचा टाकायचा, आणि तीनदा चुकला की वर्ध्याचं यंत्र त्याच्या नावाला दार लावून घ्यायचं. मग योगेंद्रला फोन. योगेंद्र म्हणायचा, गुरुवारी येतो. असे कितीतरी गुरुवार गेले. शेवटी चंद्रभानच्या नावाचा माझा भाऊ पडद्यावर नुसता शोभेला उरला.

त्यात २००६चं ते भारनियमन. दिवसातून तीन-तीनदा वीज जायची. बॅटरी दहा मिनिटं तग धरायची, मग सगळं काळं. वीज आली की पुन्हा मला उघडा, पुन्हा पासवर्ड टाका. पौर्णिमा नळ्या घेऊन दुसऱ्या खोलीत असली की काम तिथंच थांबायचं आणि वर्ध्याहून फोन यायचे, रिपोर्ट का दिसत नाही म्हणून.

दवाखान्याचा कारभार अण्णाजी पाहायचे. ते एका दुपारी पौर्णिमाजवळ येऊन उभे राहिले. माझ्या चौकटीत एक बारीक चौकोन असतो, ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ असं सांगणारा. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “हे खूण करून टाक. मंग कोनीबी टिचकी मारली का उघडते.”

“सर, सही घेतली हाय ना आपली. कोनीबी माह्या नावानं आत जाईन मंग.”

“कोनी परकं हाय काय इथं? चंद्रभान हाय, मी हाय. तुले काऊन भेव वाटते?”

तिनं आधी चंद्रभानचं प्रोफाइल दुरुस्त करून द्या असं म्हणून पाहिलं. वर्ध्याला तसा अर्ज पाठवला, महिन्यानं दुसरा पाठवला. उत्तर आलं नाही. मग एके दिवशी सकाळपासून चौथ्यांदा वीज गेली, बाहेर माणसं ताटकळत बसली होती, आणि तिनं तो चौकोन भरला. मला आठवतं, खूण केल्यावरही तिचं बोट बराच वेळ माऊसवरच होतं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांचा झालो. अण्णाजी माझ्यातूनच आत जायचे, चंद्रभानही जायचा. काम भराभर होऊ लागलं. वर्ध्याहून फोन येणं बंद झालं. माणसांना एखादी गोष्ट सोयीची झाली की ती आधी कशी होती हे ती विसरून जातात. मीही विसरलो होतो म्हणा.

एप्रिल २००७. दुपारची वेळ. जयवंता नावाची एक बाई माहेरी देवळीला आली होती. सासर केळझरचं. दोन दिवसांपासून ताप, उलट्या, पोटात अन्न नाही. तिचा नवरा गुलाब तिला घेऊन आला तेव्हा ती धड बोलत नव्हती. पौर्णिमानं तिचं रक्त काढलं आणि डॉक्टरांनी तिला लगेच गाडीनं वर्ध्याला रवाना केलं. रिपोर्ट पडद्यावर येईल, तिथले डॉक्टर पाहतील, असं ठरलेलं होतं. त्याच सुमाराला गावातले सदाशिवराव नेहमीसारखी साखर तपासायला येऊन रक्त देऊन गेले होते.

यंत्रातून दोन चिठ्ठ्या निघाल्या. जयवंताची साखर एक्केचाळीस. सदाशिवरावांची चारशे बारा.

तेवढ्यात वीज गेली. बॅटरीही संपली. वीज परत आली तेव्हा पौर्णिमा शेजारच्या खोलीत एका तान्ह्या मुलीचं रक्त काढत होती. शीर सापडत नव्हती, लेकरू रडत होतं, तिला हात सोडता येत नव्हता. इकडे वर्ध्याचा फोन वाजला. पेशंट पोचली, साखर किती ते लवकर टाका. चंद्रभान खुर्चीत बसला, माझ्यावर टिचकी मारली. मी उघडलो. मी नेहमीच उघडायचो.

एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर होत्या, पंख्याच्या वाऱ्यानं वरची खाली झालेली. त्यानं नावं पाहिली नाहीत, नुसते आकडे पाहिले. जयवंतासमोर चारशे बारा टाकले. सदाशिवरावांसमोर एक्केचाळीस. जतन करायचं बटण दाबलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे गेला.

मी आकडे वाचत नाही, फक्त वाहून नेतो. मी ते वाहून नेले.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि साखर उतरवायचं औषध सुरू केलं. जिच्या अंगात साखर उरलीच नव्हती, तिची आणखी उतरवली. काही तासांनी त्यांनी आपल्याकडे पुन्हा तपासून पाहिलं तेव्हा चूक कळली. त्यानंतर जयवंता शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेल्याचा निरोप अण्णाजींनी याच खोलीत येऊन सांगितला. पौर्णिमानं खण उघडून त्या दोन चिठ्ठ्या काढल्या, पडद्यावरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव जोडून पाहिलं, आणि खाली बसली. चंद्रभान तेव्हा हात धूत होता. तो पुष्कळ वेळ हात धूत राहिला.

आठवड्यानं चौकशीला तिघं जण आले. योगेंद्रनं वर्ध्याच्या यंत्रातली यादी छापून आणली होती. कोण, किती वाजता आत आलं, काय बदललं. त्या ओळीवर नाव पौर्णिमाचं होतं.

तिनं सांगितलं की त्या वेळी ती खुर्चीवर नव्हती, लेकराचं रक्त काढत होती. लेकराच्या रक्ताच्या नोंदीवर वेळ तिच्याच हातानं अंदाजे दीड लिहिलेली होती, ती त्यांनी धरली नाही. तिनं सांगितलं की पासवर्ड यंत्रातच साठवलेला होता आणि सगळेच तिच्या नावानं आत जायचे. कुणाच्या सांगण्यावरून ठेवला, असं विचारल्यावर तिनं अण्णाजींकडे पाहिलं. अण्णाजी म्हणाले, आपण असं कधी सांगितलेलं नाही. सहीचा कागद टेबलावर होताच.

मग चंद्रभानला विचारलं. तो म्हणाला, “मी स्लाइड पाहून राह्यलो होतो. मले काई आठवत नाई.”

शेवटी योगेंद्रला विचारलं, त्या वेळी खुर्चीवर हीच होती हे नक्की का. योगेंद्र म्हणाला, “यादीत नाव दिसतं, सर. माणूस दिसत नाही.”

“पण पासवर्ड तिचाच ना?”

“हो.”

चंद्रभानचं प्रोफाइल कितीतरी महिन्यांपासून बंद होतं आणि पौर्णिमाचे दोन अर्ज योगेंद्रच्याच टेबलावर पडून होते, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मला सगळं ठाऊक होतं. माझ्यातून जाणारी बोटं मी ओळखतो. पौर्णिमा दहा बोटांनी लिहायची, चंद्रभान एका बोटानं. त्या दिवशीचे पाच आकडे एका बोटाचे होते. पण माझ्या पोटातल्या त्या ओळींत बोटांसाठी जागा नाही.

पौर्णिमाला कामावरून काढलं. लोणच्याची रिकामी बरणी, पांढरा कोट आणि चपला न्यायला ती एकदा आली. खोलीत चंद्रभान एकटाच होता. ती दारात थांबली, मग आत येऊन स्टुलावर बसली.

“काका, मी केळझरले गेलती,” ती म्हणाली.

चंद्रभाननं मान वर केली नाही.

“जयवंताबाईच्या घरी. वाटलं, त्याहिले सांगाव का मी नव्हती म्हनून. गुलाबभाऊनं मले पानी देल्लं. पोरगी हाय पाच वर्साची, भिंतीले पाठ लावून पाहून राह्यली होती माह्याकडे. त्याहिनं येकच विचारलं, तिची साखर खरी किती होती. मी सांगतलं, येक्केचाळीस. मंग ते म्हनले, म्हंजे नुसती साखर चारली असती तरी वाचली असती काय? मी म्हनलं, हो. त्याच्यानंतर, मी नव्हती, असं कसं सांगाचं काका? सांगनं झालंच नाई.”

ती उठली. जाताना म्हणाली, “तुम्हाले मी चौकशीत काई बोलली नाई. तुमचं नाव मी घेतलं नाई. मी पाह्यलं नव्हतं ना, मंग कसं घेनार?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं चंद्रभानच्या तोंडावरून वाटलं.

पावसाळा गेला, थंडी गेली. चंद्रभान संगणकाजवळ फिरकेना. आकडे कागदावर लिहून तो तिच्या जागी आलेल्या रक्षाच्या हातात द्यायचा आणि तिनं टाकलेला आकडा पडद्यावर वाकून पाहायचा. रक्षाला ते आवडत नसे. सूक्ष्मदर्शकातही आता त्याला जंतू चटकन सापडत नसत.

मार्च २००८ मध्ये योगेंद्र पुन्हा आला. जुनी प्रोफाइलं काढून नवी बनवायची, असा हुकूम होता. पौर्णिमाचं नाव वर्ध्यात बंद झालंच होतं. माझ्यावर कुणी टिचकी मारली तरी मी आता कुणाला आत नेऊ शकत नव्हतो. योगेंद्र कामाला बसला तेव्हा चंद्रभान त्याच्यामागे येऊन उभा राहिला.

“योगेंद्र, त्या दिवशी मी बसलो होतो.”

योगेंद्रचा हात थांबला. “मला वाटलं होतं, काका.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“तुमचं प्रोफाइल मी सुरू करून दिलं नव्हतं. तिचे अर्ज माझ्याकडे होते. बोललो असतो तर तेही निघालं असतं.”

मग चंद्रभाननं सांगितलं. त्यानं मागच्याच महिन्यात सगळं लिहून वर्ध्याला नेऊन दिलं होतं. तिथं त्याला सांगण्यात आलं की चौकशी संपली आहे, कागद फायलीत लावून ठेवू. एक कागद अण्णाजींनाही दिला, त्यांनी न वाचता घडी घातली. मग तो पिपरी मेघेला पौर्णिमाच्या घरी गेला. ती नव्हती. नागपूरला कुठल्याशा दुकानात कामाला लागली होती, रक्ताच्या कामात तिला पुन्हा कुणी घेतलं नाही. दारात धुरपता उभी होती. त्यानं दारातच सगळं कबूल केलं. तिनं ऐकून घेतलं, आत ये म्हणाली नाही.

“काय म्हणाल्या?” योगेंद्रनं विचारलं.

“म्हने, तुम्ही सांगतलं, तुम्हाले हलकं वाटलं असन. माह्या पोरीचं नाव तेवढं परत आनून द्या.”

बाहेर कुणीतरी रिपोर्टसाठी हाक मारत होतं. मग चंद्रभाननं पडद्यावर माझ्याकडे बोट दाखवलं. “हे पुसलं का वर्ध्याच्या यादीतलं तिचं नाव पुसते काय?”

“नाही, काका. हे फक्त इथलं दार. तिथली यादी तशीच राहते. ती कुणालाच पुसता येत नाही, म्हणूनच ठेवतात.”

यंत्रानं विचारलं, हे खरंच काढून टाकायचं का. योगेंद्रनं ‘हो’वर टिचकी मारली.

आता मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत पडलेला आहे. कुणी टोपली रिकामी केली की तेवढाही उरणार नाही. मला त्याचं दुःख नाही, मी एक लहानशी फाईल. पण तुमच्यापैकी कुणी एखाद्या कचेरीत, दवाखान्यात असाच कुणाच्या तरी नावानं रोज आत जात असेल, तर आत जाण्याआधी ते नाव एकदा वाचा. ते एका माणसाचं असतं. आणि कधी वर्ध्याच्या त्या यादीवर तुमची नजर गेली, तर एक वाजून बावीस मिनिटांच्या ओळीपाशी क्षणभर थांबा. तिथं जिचं नाव लिहिलंय, ती बाई तेव्हा एका रडणाऱ्या लेकराची शीर शोधत होती. तिच्याखेरीज हे सांगू शकणारे आम्ही दोघेच, चंद्रभान आणि मी. त्यातल्या एकाचा कागद फायलीत बंद आहे, आणि मी हा असा.