निरोपाची भेट

दाणीसाहेब गुडघे टेकून विळ्याने गवत कापत होते आणि पुंडलिकराव मास्तर कॅमेऱ्याची तिवई धरून उभे होते.

"घरट्याजवळचं गवत कापू नये म्हणतात, साहेब."

मास्तर हे इतकं हळू बोलले, की साहेबांना ऐकू न येण्याचीही सोय राहावी. पण साहेबांना ऐकू आलं.

"मग फोटोत अंडं दिसणार कसं? पाच मिनिटांचं काम आहे हो."

बोरगावच्या कवडूच्या पडीत रानात माळढोकाने घातलेलं ते अंडं. एवढा थोरला पक्षी, पण वर्षाला अंडं एकच. कवडूने ते एकट्या मास्तरांना दाखवलं होतं आणि गुरं महिनाभर दुसऱ्या रानात वळवली होती.

"गुर्जी, कोनाले सांगू नोका," एवढंच तो म्हणाला होता. मास्तरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

पण त्या वर्षी, छप्पन्नच्या नोव्हेंबरात, राज्यांची वाटणी व्हायची होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार, बोरगावसकट सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहणार; साहेबांनी नोकरीसाठी नागपूर मागून घेतलं होतं. दहा वर्षं पाखरं बघत सोबत हिंडलेला हा एकच माणूस. त्याला निरोपाचं काय द्यावं? मास्तरांनी दुसऱ्याची ठेव उचलून दिली.

फोटो झकास आला. मादी काही परतली नाही. उघड्या पडलेल्या अंड्यावर तिसऱ्या दिवशी कावळे उतरले.

कवडूने कापलेलं गवत पाहिलं आणि मास्तरांना एका शब्दाने विचारलं नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वर्षभर वाटत राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात न राहवून ते बोरगावला गेले. कवडूने अंगणात बाज टाकली. त्याच्या बायकोने, देवकाबाईने, चहा आणून दिला. आदरात तसूभर कमी नव्हतं.

"यंदा पाखरू आलं का, कवडू?"

"नाई जी. आता कुठचं येते ते! सोडलंच त्यानं हे रान."

तेवढ्यात माळाकडून आवाज आला. खोल, घुमणारा, माळढोकाचा नर साद घालतो तसा. देवकाबाई खाली मातीकडे बघत राहिली.

"बैल डुरकला जी," कवडू म्हणाला.

त्याचे दोन्ही बैल समोरच, डोळे मिटून रवंथ करत बसले होते.

माळाकडे मान वळवायचा मोह मास्तरांनी मोठ्या कष्टाने आवरला. बशीतला चहा संपवला.

"हो," ते म्हणाले, "बैलच."