जिन्याखालची खूण

"श्वास सोडू दे, मग टेप लाव..." थोरल्या बहिणीचा आवाज, किती वर्षांपूर्वीचा, पण शिलाईच्या खडूला हात लावला की तो अजून आधी कानात येतो आणि खडू नंतर बोटांत. खडू म्हणजे वडी. निळी, चपटी, वापरून वापरून साबणाच्या शेवटच्या पापुद्र्यासारखी झालेली. मापाला उभं केलं की माणूस पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो, आहे त्याहून बरा दिसू पाहतो. अशा वेळी त्याच्याशी काहीबाही बोलावं, हवापाण्याचं, लेकीसुनांचं, आणि बोलता बोलता तो विसरला, सैलावला, की त्या क्षणी टेप आवळावा. हे थोरलीने धाकटीला शिकवलं. धाकटी आता पन्नाशीपलीकडे गेली, दुकान तिचं, गल्ली तिला मास्तरीण म्हणते. पण कुणाच्याही कमरेभोवती टेप फिरवताना ती मनातल्या मनात अजून थोरलीची परवानगी घेते.

आणि ती थोरलीच आता समोरच्या घराच्या लोखंडी जिन्यावरून उतरत होती. हातात ओलं फडकं.

मास्तरणीने मशीनवरचा पाय उचलला. जिन्याच्या खांबावर, अगदी खालच्या पायरीशी, निळ्या खडूची, 'बरोबर'ची खूण होती. थोरलीने ती पुसली. नीट, कडेकडेने, ओटा पुसावा तशी. वर बघितलं नाही, समोर बघितलं नाही, निघून गेली. मास्तरणीचा चहा गार व्हायच्या आत तिच्याच हाताखाली पक्षाचं काम करणारे कंडक्टरकाका तिथून गेले, थांबले, खिशातून खडू काढला आणि त्याच जागी पुन्हा तीच खूण केली. काल हेच झालं होतं. परवाही.

खुणांची युक्ती मास्तरणीचीच. निवडणूक आली की बाकीच्या गल्ल्यांत पक्षाची माणसं मतदारयाद्यांचे कागद सांभाळत हिंडायची. कागद भिजायचे, कागदांत भजी बांधली जायची. हिने आपल्या माणसांच्या हाती शिलाईचे खडू दिले. घर आपलं असलं तर बरोबरची खूण, डळमळीत असलं तर गोल, नाहीच म्हणाले तर फुली. आता एक घर रोज उंबरा धुवायचं, त्यामुळे त्या घराचं मत रोज सकाळी वाहून जायचं आणि दुपारी पुन्हा मिळवावं लागायचं. आणि दातांच्या डॉक्टरांनी, जन्मभराचे पक्षाचे, स्वतःच दारावर मोठी फुली मारून ठेवली होती, दुपारची झोप मोडू नये म्हणून... पण एकंदरीत युक्ती चालली होती. कार्यालयातले साहेब फोनवर म्हणायचे, "बाई, तुमची गल्ली म्हणजे आपला किल्ला!" आणि बाई इकडे खिडकीतून किल्ल्याच्या एकाच बुरुजाकडे बघत बसायच्या.

कारण तो किल्ला खरं तर थोरलीचा. सभेला खुर्च्या मांडायला, घोषणा द्यायला, न उघडणारं दार उघडायला लावायला थोरलीच. पण गेल्या निवडणुकीच्या वेळी, पाच वर्षांपूर्वी, गल्ली कुणाकडे सोपवायची असा विषय निघाला, आणि साहेबांनी धाकटीकडे बोट दाखवलं: दुकान आहे, लोक आपणहून येतात. थोरलीने हातातलं बिस्कीट चहात बुडवलं आणि भरल्या बैठकीत म्हणाली, "हिला? दार वाजवताना हात कापतो हिचा." सगळे हसले. धाकटीही हसली... हसली, आणि त्यानंतर थोरलीशी बोललीच नाही. आणि एकही दार वाजवलं नाही. मी दारं वाजवत नसते, मी दारं वाटून देते, असं ती स्वतःला सांगे, आणि वाटायचीही ती इतकी बारकाईने, कुणाचं कुणाशी जमतं, कुणाचा कुत्रा कुणावर भुंकतो, हे सगळं बघून, की हिने स्वतः उंबऱ्याबाहेर पाय टाकलेला नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कंडक्टरकाका दुकानात शिरले. निवृत्त होऊन किती काळ लोटला, तरी दारातून येताना डोकं वाकवायचे, बसमध्ये चढल्यासारखे. मागून त्यांच्याच जोडीने दारोदार हिंडणाऱ्या बेकरीवाल्या वहिनी, पावाची पिशवी घेऊन. परवावर मतदान, चेहरे उजळलेले.

"काका, त्या खांबावर खूण तुम्ही करता?"

"करतो की. कुणीतरी वात्रट कार्टं रोज पुसतंय. सापडू दे एकदा, कानच धरतो."

"ताई काय म्हणाली?"

"कुठली ताई?"

"माझी. वरची."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्यांना काय विचारायचं, बाई? तुमची सख्खी बहीण. घरच्या माणसाला पास असतो. माझ्या गाडीत स्टाफ चढला तर मी तिकिटासाठी कधी हात पुढे केला नाही."

"म्हणजे तुम्ही वर गेलाच नाहीत?"

"त्या जिन्याला माझे गुडघे पुरतील का?"

"आणि गेल्या वेळी? गेल्या वेळी तुम्ही येऊन मला सांगितलंत, ताई हो म्हणाली."

"मग? 'नाही' तर म्हणाल्या नव्हत्या!"

तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनी पावाच्या पिशवीची गाठ सोडण्यात गढून गेल्या. "मला आपलं वाटलं, तुम्हीच बोलत असाल दोघी. समोरासमोर राहता. बहिणी-बहिणींत मी कुठे नाक खुपसू?"

मास्तरणीला हसू यायला हवं होतं; आलंही थोडं, पण वाटेत कुठेतरी अडकलं. त्या एका 'हो'वर तिने पाच वर्षं काढली होती. ताई हो म्हणाली... म्हणजे राग नाही, म्हणजे नुसतं बोलणं थांबलंय, म्हणजे खिडकीत उभी असते ती माझ्याकडेच बघत असेल... त्या 'हो'चं तिने अस्तर शिवलं होतं, आतून, कुणाला न दिसणारं, आणि थंडीवाऱ्यात ते पांघरून बसली होती. आणि ते 'हो' काकांच्या गुडघ्यांचं होतं! सगळी गल्लीच पोट आत ओढून उभी, बाईंना बरं दिसावं म्हणून, आणि बाईही. मीसुद्धा.

"कुठे निघालात?" काकांनी विचारलं.

"येते जरा," ती म्हणाली. खडू हातातच राहिला.

रस्ता एवढासा, पण इकडून तो कधी एवढा रुंद दिसला नव्हता. जिना पायाखाली कुरकुरला. वरचं दार हिरवं, साधं. हात उचलला तर तो इतका कापत होता, की एकदाच टकटक करायचं ते आपोआप चार वेळा झालं.

थोरलीने दार उघडलं. केस मुळाशी पांढरे... दुकानाच्या खिडकीतून हे दिसत नव्हतं.

"नमस्कार," मास्तरीण म्हणाली. "आम्ही आपल्याच भागातले, आपल्याच पक्षाचे कार्यकर्ते..." आणि तिने ते सगळं म्हटलं, स्वतःच रचलेलं, सगळ्यांकडून घोकून घेतलेलं, स्वतः कधीच न बोललेलं, पाणी, गटारं, कचऱ्याची गाडी. थोरली शेवटपर्यंत ऐकत राहिली. जन्मात पहिल्यांदाच तिने कुणाला मध्ये तोडलं नाही.

"झालं?"

"झालं."

"रस्त्यातल्या दिव्यांचं राहिलं."

"दिवेही लावणार आहोत."

थोरलीने दाराच्या कडीवर हात ठेवला. लावावं की उघडं ठेवावं, दोन्हींच्या मधला. "गेल्या वेळी मी चपला घालून बसले होते," ती म्हणाली. "सकाळपासून. म्हटलं कुणीतरी येईल, मागेल, मग उतरेन. खाली खूण करून जायचे, वर कुणी येईना. संध्याकाळी काढल्या चपला."

"म्हणजे तू मतच—"

"कुणी मागितलंच नाही."

गेल्या वेळी किती थोडक्या मतांनी पडलो होतो आपण, असं मास्तरणीच्या मनात येऊन गेलं. इतक्या वर्षांची सवय, जाता जात नाही. मग तेही गेलं. तिच्या लक्षात आलं, की जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिने पोट आत धरलंय, खांदे वर, हनुवटी वर, मापाला उभं राहिल्यासारखी. आणि थोरली, हातात टेप असल्यासारखी, वाट बघतेय.

तिने श्वास सोडला. खांदे खाली आले, आणि पोटही, पन्नाशीचं, जसं आहे तसं.

खाली रस्त्यावर काका आणि वहिनी उगाचच जिन्याच्या खांबाशी काहीतरी शोधत होते.

"बोल आता," थोरली म्हणाली.

"हात कापतो माझा, हे खरंय," मास्तरीण म्हणाली. मुठीत खडूचे दोन तुकडे झाले होते. "पण ताई, तू ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस."