मेणातला डोमाजी

तुळसाबाईनं तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि गाठ मारलेला रुमाल बाहेर काढला. आत मेणाचा एक लहानसा ठोकळा होता, आणि त्या मेणात तिच्या नवऱ्याच्या, डोमाजीच्या, फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा. बारा वर्षांपूर्वी डोमाजी गेला तेव्हा नागपूरच्या दवाखान्यानं कागदांसोबत हाती दिलेला. बालाघाटच्या उन्हाळ्यात मेण पाघळेल म्हणून तिनं तो तांदळात गाडून ठेवला होता.

लामता या आपल्या गावात तिनं पस्तीस वर्षं सुईण म्हणून बाळंतपणं केली. प्रत्येक बाळाची वार स्वतःच्या हातानं पुरली. अंगातून निघालेलं मातीला द्यायचं, हा तिचा नेम. हा ठोकळाही पुरायचाच होता, फक्त मन होत नव्हतं. डोमाजीचं तेवढंच उरलं होतं. आणि आता नात संघमित्रा तोच मागत होती.

संघमित्रा नागपूरला प्रयोगशाळेत होती. तिनं चाचरत समजावलं. पुरुषाच्या बीजकोषात बीज घडताना काही खास प्रथिनं लागतात. बाकीच्या शरीरात ती निजलेली असतात, पण कॅन्सरच्या काही गाठींमध्ये मध्येच जागी होतात. अँटिबॉडी नेमकी त्या प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि मग तेवढी जागा तपकिरी रंगवून पाहता येते. आजोबांच्या गाठीत ते जागं झालं होतं का, हे तिला बघायचं होतं. बीजकोष म्हणताना पोरीनं मान खाली घातली. आजीनं त्याला गावातला शब्द सांगून हेच ना, असं विचारलं, तेव्हा तिला हसू आवरेना.

"सुईणीले काय लाजतं? मले एवढंच सांग, कापून कापून तो संपन का?"

"केसाहून पातळ काप घेईन, आजी. उरलेला आणून देईन."

तुळसाबाईनं संमतीच्या कागदावर सही केली.

दोन महिन्यांनी संघमित्रा आली ती चेहरा पाडूनच. मोबाइलवर दोन चित्रं होती. पहिल्यात, दुसऱ्याच कुणाच्या बीजकोषाच्या कापात, तपकिरी कड्या उमटल्या होत्या. डोमाजीचा काप नुसता निळसर. ते प्रथिन त्याच्या गाठीत नव्हतंच.

तुळसाबाई त्या निळ्या ठिपक्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं विचारलं, पहिला काप कशाला घेतला होता? अँटिबॉडी नीट काम करते का, हे पडताळायला, नात म्हणाली.

"तो रंगला ना? मंग तोंड काहून पाडलं? बाई पोटुशी नाही, हे सांगणंबी सुईणीचंच काम असते."

संघमित्रानं ठोकळा तिच्या तळहातावर ठेवला. तुळसाबाईनं तो उजेडात फिरवून पाहिला. कमी झालेला कळतही नव्हता. तिनं तो पुन्हा रुमालात बांधला, कोठीकडे दोन पावलं गेली, आणि मागे फिरून नातीच्या पिशवीत ठेवला.

"आणखी काही विचारायचं असन तर विचार त्याले. जित्तेपणी तं एक गोष्ट सरळ सांगतली नाही त्यानं."