बेबीनंदाचा निळा

परतूरपासून आठ किलोमीटरवर असलेल्या त्या गावात बेबीनंदाच्या घरामागं सिमेंटच्या चार टाक्या आहेत. गुडघाभर खोल, वर हिरवी शेडनेट. त्यांत शेवाळ पिकतं. सुरुवातीला गावाला हसू आलं होतं. लोक विहिरीतलं शेवाळ काढायला माणसं लावतात, आणि या मायलेकी मुद्दाम शेवाळ वाढवून राह्यल्या!

कल्पना लेकीची, ज्योत्स्नाची. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाल्यावर तिला पुण्यात नोकरी मिळत होती. तिनं ती घेतली नाही. बाप भिवा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी घरी आला की त्यानंच एकेक करत चारही टाक्या बांधल्या. या शेवाळाला स्पिरुलिना म्हणतात, त्याच्या गोळ्या ताकदीसाठी खातात, एवढं ज्योत्स्नानं आईबापाला समजावलं होतं. पण तिचं खरं लक्ष दुसरीकडं होतं. या हिरव्यागार शेवाळाच्या पोटात निळा रंग असतो. खाता येणारा, चेहऱ्याला लावता येणारा निळा. आइस्क्रीमवाल्यांना, क्रीम बनवणाऱ्यांना तो हवा असतो, आणि आपल्याकडं तो बहुतेक बाहेरून येतो.

"शेवाळ हिरवं, मंग निळा कुठून निघंन?" बेबीनंदानं विचारलं होतं.

ज्योत्स्नानं ताजं शेवाळ पिळून फ्रीजरमध्ये गोठवलं, बाहेर काढून वितळू दिलं आणि थंड पाण्यात घोळलं. गाळलं, तेव्हा खालच्या भांड्यात निळं पाणी उतरलं. बेबीनंदा कितीतरी वेळ त्या भांड्याकडं बघत राहिली. मग तिनं घरातलं पांढरं एनॅमलचं ताट आणलं, त्यावर एक थेंब टाकला आणि ताट तिरकं करून थेंब कसा पसरतो ते पाहिलं.

ही तिची सवय. सातवी झालेल्या बेबीनंदानं बारा वर्षं एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लँटमध्ये बी निवडलं होतं. हजार दाण्यांतला एक फिका दाणा तिला दिसायचा.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मात्र सगळं बिघडलं. पारा त्रेचाळीसवर गेला होता. ज्योत्स्नानं चांगला अठरा लिटर निळा काढला, आणि त्याच दिवशी लाइट गेली. फ्रीज बंद, पंखा बंद. पत्र्याच्या खोलीत दुपारपर्यंत निळ्याचा राखाडी झाला. ज्योत्स्ना भांड्याशेजारी बसून रडली. पंधरा दिवसांची मेहनत होती ती.

बेबीनंदा रडली नाही. तिनं फ्रीजरमध्ये गोठून टिकलेल्या थोड्या निळ्यातली एक वाटी उन्हात ठेवली, एक सावलीत, एक ओल्या पोत्याखाली, आणि दर थोड्या वेळानं तिन्ही वाट्यांतला थेंब ताटावर टाकून पाहिला. संध्याकाळी तिनं लेकीला बोलावलं.

"ह्याला ताप सोसत न्हाई, अन् उजेड बी सोसत न्हाई. ओल्या पोत्याखालचा बघ, जशाला तसा हाय. तू पुस्तकात वाचलं असशील, पण आपल्या पत्र्याखाली काय होतं ते पुस्तकात कुठं हाय?"

दुसऱ्या दिवसापासून कामाचं वेळापत्रक बेबीनंदानं ठरवलं. शेवाळ काढायचं ते ऊन तापायच्या आत. बरण्यांना काळं कापड, त्यावर ओलं पोतं. पत्र्याखाली पाचटाचा थर. भिवानं बंद पडलेल्या औषध कंपनीतून थंडीतच पाणी उडवून रंग सुकवणारं जुनं यंत्र मिळवलं, आणि लाइट गेली तरी चालावं म्हणून त्याला जनरेटर जोडून दिला. त्यानंतर एकही घाणा वाया गेला नाही. रंग मोजायला ज्योत्स्नाकडं यंत्र होतं. पण आधी आई ताटावर थेंब टाकून सांगायची, "आजचा कालच्यापेक्षा सरस हाय." मग यंत्र तेच सांगायचं. हळूहळू ज्योत्स्नानं आईचा अंदाज वहीत यंत्राच्या आकड्याशेजारी लिहायला सुरुवात केली.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्यांनी पुण्याच्या एका आइस्क्रीम कंपनीला नमुना पाठवला. फेब्रुवारीत त्या कंपनीचा सुमित नावाचा अधिकारी गाडी घेऊन दारात उभा राहिला. मालाची तपासणी हे त्याचं काम. तिशीतला, हातात फाइल. त्यानं टाक्या पाहिल्या, खोली पाहिली, चहा घेतला. मग जरा अवघडून म्हणाला, "आम्हाला बाहेरून जो निळा येतो, त्याच्यापेक्षा तुमचा गडद आहे."

"मंग चांगलंच हाय की," बेबीनंदा म्हणाली.

"चांगलंच आहे, मावशी. म्हणून तर आलो. गेल्या वर्षी एका पुरवठादारानं आम्हाला केमिकलचा निळा मिसळून दिला होता. तुमचा नमुना बाहेरच्या लॅबला पाठवलाय, रिपोर्टला वेळ लागेल. त्याआधी स्वतः विचारावं म्हटलं. यात वरून काही घालत नाही ना?"

ज्योत्स्नाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "तुम्ही आमच्या घरात बसून आम्हालाच—"

"थांब," बेबीनंदा म्हणाली. "इचारू दे त्यांना. लेकरं खाणार हायेत ते. न इचारता घेतला असता तर मी म्हणलं असतं, ह्ये कशाचे साहेब."

ती उठली. फडताळातून तिनं किराणा दुकानातली खायच्या निळ्या रंगाची बाटली काढली. बुंदीला घालतात तो. स्टीलच्या दोन पातेल्यांत पाणी घेतलं. एकात बाटलीतले चार थेंब टाकले. दुसरं पातेलं सुमितपुढं सरकवलं.

"ह्यात आमचा तुमच्या हातानं टाका. कोणत्या डब्यातला घ्यायचा ते बी तुम्हीच ठरवा."

सुमितनं मांडणीवरचा मागचा डबा उचलला, सील फोडलं, चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली. दोन्ही पातेली निळी झाली. बेबीनंदानं दोन्हींतलं थोडं थोडं पाणी काचेच्या पेल्यांत ओतलं आणि दारातल्या उन्हात धरलं, मागं बरणीचं काळं कापड.

"बाजूनं बघा."

बाटलीतला रंग निळाच दिसला. शेवाळाच्या निळ्यात मात्र कडेनं लाल झाक होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी. सुमित वाकला, पेला फिरवला, पुन्हा पाहिलं.

"आता ह्ये," म्हणत तिनं पातेली गॅसवर चढवली.

पाण्याला आधण आलं. बाटलीचा निळा खदखदत होता, तसाच, जराही न बदलता. दुसऱ्या पातेल्यातला निळा आधी मंद झाला, मग जांभळट, आणि बघता बघता गेला. खाली मळकट पाणी राहिलं आणि त्यात कापसाच्या तंतूंसारखा गाळ.

"झालं," बेबीनंदा म्हणाली. "आमचा जिता हाय म्हणून मेला. वरून काही घातलं असतं तर घातलेला उरला असता. उरलाय का बघा."

सुमितनं पळीनं ढवळून पाहिलं. निळा कुठंच नव्हता.

"मावशी, आम्ही हे शोधायला मशीन वापरतो," तो हसत म्हणाला.

"मशीन बी वापरा. बराबर वापरा. आम्ही कुठं न्हाई म्हणतो?"

त्या दिवशी सुमित परतूरला मुक्कामाला थांबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर परत आला. शेवाळ काढण्यापासून रंग यंत्रात ठेवीपर्यंत तो मायलेकींच्या मागं मागं फिरला. जाताना त्यानं आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेल्या निळ्याची बाटली स्वतः सील केली आणि म्हणाला, "ताई, काल माझ्या विचारण्यानं राग आला असेल तुम्हाला."

"आला होता," ज्योत्स्ना म्हणाली. "पण आई बरोबर होती. पुढच्या वेळी न सांगता या, तेव्हाही हेच दिसेल."

बारा दिवसांनी लॅबचा दोन्ही नमुन्यांचा रिपोर्ट आला. भेसळ नाही. सुमितनं सील केलेल्या बाटलीतला रंग आधीच्या नमुन्यापेक्षाही शुद्ध. ज्योत्स्नानं मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा बेबीनंदा टाकीत काठी फिरवत होती. तिनं एवढंच विचारलं, "वहीत मी काय म्हणलं व्हतं त्या दिवशी?" ज्योत्स्नानं वही उघडली. आईचा शेरा होता, 'आजवरचा सगळ्यात भारी.' ज्योत्स्नानं ओल्या हाताच्या आईला तशीच मिठी मारली.

कंपनीच्या फॉर्ममध्ये गुणवत्ता प्रमुखाचं नाव विचारलं होतं. ज्योत्स्नानं आईचं पूर्ण नाव लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यात सातवी. अनुभवाच्या रकान्यात बियाणं प्लँटची बारा वर्षं आणि शेवाळाची तीन. फॉर्म परत आला नाही. ऑर्डर आली, दर महिन्याची.

एप्रिलच्या चौदा तारखेला भिवानं कारखान्यातून सुट्टी टाकली. जयंती कमिटीला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की या वर्षीचं थंड दूध आपल्याकडून. परतूरहून बर्फाच्या लाद्या आल्या, मोठ्या पातेल्यात पन्नास लिटर दूध, साखर, वेलदोडा. मग ज्योत्स्नानं त्यात निळा घोळला आणि पातेलंभर आभाळ झालं. पोरं ओरडली. म्हाताऱ्या गोजरबाईंनी पहिला पेला घेतला, ओठांवरची निळी मिशी तशीच ठेवून दुसरा मागितला. वरच्या आळीतले रामराव मिरवणूक बघायला आले होते, ते दोन पेले पिऊन घरच्यांसाठी तांब्या भरून घेऊन गेले.

भिवा प्रत्येकाला सांगत होता, "ह्यो बाजारचा न्हाई. आमच्या घरी पिकलेला हाय."

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कमिटीनं माइकवरून ज्योत्स्नाचं नाव पुकारलं. ती उठली नाही. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकललं. बेबीनंदा पांढऱ्या साडीचा पदर सारखा करत स्टेजवर गेली.

"जय भीम," ती म्हणाली. समोरून मोठा जय भीम परत आला. मग ती बोलायला लागली. शेवाळ कोणत्या पाण्यात वाढतं, पाण्यात खाण्याचा सोडा कामून लागतो, कोणत्या कापडातून गाळायचं, गोठवल्यावर शेवाळाचं पोट कसं फुटतं. बाया पुढं सरकून ऐकायला लागल्या. दोघीतिघींनी मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. पुढच्या वक्त्यासाठी कमिटीच्या माणसानं खालून घड्याळ दाखवलं.

बेबीनंदानं त्याच्याकडं बघून हात केला. "थांबा जरा," ती माइकवरच म्हणाली, "वाळवायचं सांगायचंय अजून."