काचेनं तासलेला खुंटा

मी खुंटा बोलतोय. जात्याच्या वरच्या दगडात ठोकलेला, दळताना हातात धरायचा, तो. वीतभर बाभळीचं लाकूड. लोक दगडाला हळद-कुंकू वाहतात, मला कोणी विचारत नाही. पण बाईचा हात दगडाला लागत नाही, मला लागतो. म्हणून मला जे कळतं, ते दगडाला कळत नाही.

मी देवळ्याकडचा. सरूबाई लग्न होऊन नाशिकजवळ मखमलाबादला आली, तेव्हा सासरच्या जात्याला चिरफळलेला खुंटा होता. पहिल्या दिवाळीला ती माहेरी, देवळ्याला गेली, तेव्हा तिच्या तळहाताला फोड होते. धाकटा भाऊ गोरक्ष, सोळा वर्षांचा. त्यानं फोड पाहिले आणि बांधावरची बाभूळ तोडली. दोन दिवस मला तासलं. मग बाटलीची काच फोडून घासलं, पुन्हा घासलं, गालाला लावून पाहिलं.

"अक्का, आता हात नाय दुखायचा," म्हणाला. काचेनं त्याचंच बोट कापलं होतं. ते रक्त माझ्यात मुरलं आहे. मी खोटं सांगत नाही.

पुढं गोरक्ष कांद्याच्या व्यापारात पडला, मोठा झाला. बहिणीकडं यायचा थांबला. भाऊबीज आली की सासू विचारायची, "काय गं सरे, निघाली का भावाची गाडी देवळ्याहून, का अजून बैलच जुंपतोय?" शेजारणी हसायच्या. सरूबाई हसायची नाही. ती जात्यावर बसायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गायची:

*धूळ उडे बाई देवळ्याच्या वाटेला,*
*बंधुराया माझा आला बहिणीच्या भेटीला.*

धूळ उडत नव्हती. कोणी आलं नव्हतं. गाताना तिची मूठ मला इतकी आवळायची की मला कळायचं, हे गाणं लोकांसाठी आहे. भावाची अब्रू ती ओवीनं झाकत होती.

घरात कोणी नसलं की मूठ सैल व्हायची. आवाजही. तेव्हा ती दुसरीच ओवी म्हणायची:

*नको रे आणू साडी, नको जरीची चोळी,*
*रिकाम्या हातानं ये, खा माझ्या घरची पोळी.*

ही ओवी माझ्याशिवाय कोणी ऐकली नाही.

मधल्या काळात गोरक्ष एकदाच आला. माहेरच्या जमिनीच्या कागदावर अक्काचा अंगठा घ्यायला. ती दळत होती, पहिली ओवी चालू होती. तो दारात उभा राहून हसला. "अक्का, तुझ्या ओवीत मी रोजच येतो की! मग खरं कशाला यायचं?" ती पण हसली. अंगठा दिला. पोळी वाढेपर्यंत गाडी निघून गेली होती.

चूक तिची होती, हे मी तोंडावर सांगेन. इतकं छान गायली की ऐकणाऱ्याला खरं वाटावं. त्यालासुद्धा खरं वाटलं.

गेल्या वर्षी सरूबाईच्या नातीची, वैष्णवीची, हळद होती. घर सोडून लग्नाच्या लॉन्समध्ये. आता दळण कोणी दळत नाही, पण हळदीला जातं लागतं, फोटोसाठी. सरूबाईचा मुलगा महेश जात्याला आणि मला टेम्पोत घालून घेऊन गेला. जात्याला रंग दिला, झेंडूच्या माळा घातल्या. सरूबाईनं फडक्यात चार पोळ्या बांधून घेतल्या होत्या. गोरक्ष येणार होता.

तो आला. पांढरे कपडे, मागं चार माणसं, एकाच्या हातात मोबाईल. जात्याकडं पाहून म्हणाला, "हा काळा दांडका काढा. फोटोत बरा नाय दिसत."

सरूबाई म्हणाली, "राहू दे रं. तूच केलाय त्यो."

"मी?" तो मोठ्यानं हसला. "मला कांदे विकता येतात, अक्का. सुतारकी कधी केली?"

त्यांनी मला डिंक लावून सोनेरी कागद गुंडाळला.

माईकवाला ओरडला, "आजीबाई, भावासाठी एक ओवी होऊन जाऊ द्या!" सरूबाईनं मला धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिचा हात लागला नाही. मध्ये कागद होता. मला वाटलं, ती धूळ उडवणारी ओवी म्हणेल. ती दुसरीच म्हणाली. चारचौघांत, पहिल्यांदा, भावाकडं बघत. *रिकाम्या हातानं ये, खा माझ्या घरची पोळी.*

टाळ्या पडल्या. बाया रडल्या. गोरक्षानं डोळ्याला रुमाल लावला, मोबाईल कुठं आहे ते बघून. मग भरजरी साडीचा खोका तिच्या हातात दिला आणि माईकवर म्हणाला, "बहिणीसाठी हा भाऊ जीव देईल!" पुन्हा टाळ्या.

ती फडकं सोडायला लागली. "गोऱ्या, दोन घास..."

"अक्का, आज अजून दोन हळदी हायेत. मला उशीर झालाय." तो गेलाही.

पोळ्या तिनं परत आणल्या. दुसऱ्या दिवशी गायीला घातल्या.

आता जातं अंगणात आहे. त्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली आहे. कुंडी बसेना म्हणून मला उपटलं. मी खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. परवा सरूबाईनं मला बाहेर काढलं. नखानं कागद खरवडत बसली. निघाला नाही. मला गालाला लावलं आणि परत डब्यात ठेवलं. ती आता गात नाही. एकटी असली तरी नाही.

महेश, तुला सांगतो. मला पुन्हा कुठल्या हळदीला नेऊ नकोस. मला अंघोळीच्या बंबात घाल. बाभूळ चांगली जळते. त्या पाण्यानं तुझ्या आईला अंघोळ घाल. तिच्या भावाच्या हातचं तेवढंच उरलंय.