नळाशी उभी तुळसा

भिकूकाका दुपारचं जेवण उरकून कठड्याला हात लावत जिना चढायचे आणि वल्लरीच्या दारात चपला काढता काढता विचारायचे, "काय गो बाय, तुझा मास्तर जागा हाय का?"

मास्तर म्हणजे वल्लरीचा प्रोग्राम. महाडात राहून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. तिचा प्रोग्राम वेबसाईट आपोआप तपासायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचा. पान नीट उघडतं का, दुवे तुटलेत का, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला ते पान ऐकून वापरता येतं का. फोटोच्या आड एक न दिसणारा मजकूर असतो, तो संगणक वाचून दाखवतो. आता कंपनीला तपासणीचे नियम नव्यानं बांधून हवे होते. आणि ऐकायला काकांइतके हळवे कान दुसरे कुठले मिळणार?

मुंबईत नोकरी करता करता, बारा वर्षांपूर्वी, साखरेनं काकांचे डोळे नेले. आता ते वल्लरीच्या खालच्या खोलीत, मुलाकडे, ओमकडे राहायचे. बायको तुळसा मात्र वरच राहिली, उमरठच्याही वरच्या अंगाला असलेल्या वाडीत, म्हशीजवळ आणि भाताच्या तुकड्याजवळ. ती चढण काकांना झेपत नव्हती. पूर्वी महिन्याकाठी ती पिठाचा डबा घेऊन खाली यायची. शिमगा झाला तशी आलीच नाही. रोज संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणायची, "बरी हाय. ओमला म्हणावं, कामाची पाळी मोडून येऊ नको." आणि फोन ठेवायची.

"आज आमच्या मंडळाची वेबसाईट लाव," काका म्हणाले. "वाडीत नळ आला, त्याचे फोटो टाकलेत म्हणतात. ओमची आई हाय त्यात, मंडळाचा सयाजी बोलला."

वल्लरीनं वाडीच्या मुंबईकर मंडळाची वेबसाईट आपल्या संगणकावर उतरवून घेतली. जुन्या नियमांनी तिला सत्त्याण्णव गुण पडले. फोटो नि फोटो मजकुरासह होता. काका खुर्ची पुढं ओढून बसले. हिंदी वळणाचा तो यंत्राचा आवाज सावकाश वाचू लागला.

"सौजन्य, सयाजी मोरे, नालासोपारा."

"सौजन्य, जानू मोरे, दिवा."

"सौजन्य, मोरू मोरे आणि बंधू, कळवा."

काका हसायला लागले. "वाडीत माणूसच नाय राहिला गो. सगळीकडं सौजन्य नांदतंय."

वल्लरीही हसली, पण तिचे कान तापले. मजकूर आहे की नाही एवढंच तिचा प्रोग्राम बघत होता. मजकुरात काय आहे, ते त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं नळाचा फोटो उघडला आणि लिहिलं, 'नळाच्या उद्घाटनाला जमलेल्या महिला.' प्रोग्रामनं पुरे गुण दिले.

काकांनी ऐकलं.

"महिला कळल्या," ते म्हणाले. "ती नाय कळली."

वल्लरीनं फोटो मोठा केला. बायका ओळीनं हंडे घेऊन उभ्या होत्या. कडेला, नळाला लागून, तुळसाकाकू. तिनं लिहायला घेतलं आणि मधेच थांबली.

"बोटं थांबली तुझी," काका म्हणाले.

"काका, काकूंनी कदाचित मुद्दाम..."

"जे हाय ते लिही पोरी. बरी हाय, हे मला रोज ऐकायला मिळतं."

मग तिनं लिहिलं आणि आवाजानं वाचलं, "नळाशी उभी तुळसा. हिरवं लुगडं. डावा हात पट्टीत, गळ्यात बांधलेल्या फडक्यात. उजव्या हातानं नळ धरलाय. केस पांढरे झालेत. हसते आहे."

प्रोग्रामनं मजकूर लांब म्हणून गुण कापले. वल्लरीनं तिकडं पाहिलंही नाही. काकांनी मान खाली घातली होती.

"शेवटचं पुन्हा लाव."

"हसते आहे," आवाज म्हणाला.

"हसतेय," काका पुटपुटले. "दुखत असलं की जास्त हसते ती."

दुसऱ्या दिवशी ओमनं पाळी बदलून घेतली आणि जीपनं वर गेला. गोठ्यात पाय सरकून पडली होती बाई. वैदूकडून हात बांधून घेतला आणि वाडीतल्या सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. म्हैस शेजारी सोपवून ओम तिला महाडला घेऊन आला. हाड किंचित वाकडं जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण हंडा उचलायचा नाही.

वल्लरी नियम बदलत होती. सौजन्यानं सुरू होणारा मजकूर धरायचा नाही. तोच तो मजकूर फिरून आला तर गुण कापायचे. लांबीला शिक्षा नाही. आणि शेवटी तिनं प्रत्येक फोटोशी एक रिकामा चौकोन ठेवला: 'हे कुणी ऐकून पाहिलं का?' माणसानं खूण केल्याशिवाय त्या फोटोला गुण मिळणारच नाहीत. हसणं खरं की खोटं, ते प्रोग्रामला कळणार नव्हतं.

नव्या नियमांनी पडलेले गुण तिनं मंडळाला कळवले, तसा सयाजीचा फोन आला. "ताई, सत्त्याण्णवचे एकेचाळीस? मंडळात तोंड कसं दाखवू?"

"नावं फोटोखाली राहू द्या सयाजीदादा. आडच्या मजकुरात मात्र फोटोत काय दिसतं ते लिहा."

"आमाला कुठं येतंय तसं लिहायला?"

"भिकूकाकांना फोनवर सांगा. त्यांना दिसलं की लिहा."

दुपारी काका वर आले, मागोमाग तुळसाकाकू. खुर्ची नको म्हणून जमिनीवरच बसली. वल्लरीनं नळाचा फोटो लावला. आपलं नाव यंत्राच्या तोंडून ऐकून काकूनं पदर पुढं ओढला.

"केस पांढरे झालेत, ते कशाला सांगायचं?" ती काकांना म्हणाली.

"मी कुठं सांगितलं? मास्तर बोलला."

"तुमी ऐकलंत ना पण."

"ऐकलं. बारा वर्सांनी बघितलं तुला."

काकूनं चांगल्या हातानं दुखऱ्या हातावरचं फडकं नीट केलं. मग वल्लरीकडं वळून म्हणाली, "बाय, लुगडं हिरवं नाय. पोपटी हाय. ह्यांनीच घेतलंय, डोळे होते तवा. ते नीट लिही."

वल्लरीनं दुरुस्त केलं. आवाजानं पोपटी म्हटलं. काकांनी हात पुढं केला, वल्लरीनं त्यांचं बोट माऊसवर ठेवलं आणि चौकोनात खूण उमटली.