साकवापेक्षा भक्कम

मी एक जुना काँक्रीटचा ठोकळा आहे. उंची वीतभरही नाही, वजन मात्र आठ किलो.

मित्रांनो, चौक गावाच्या पलीकडे एका वाडीच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, झाला, त्याच दिवशी माझा जन्म झाला. सरकारी कामाचा नियम असा, की बांधकामात जो माल ओततात, त्यातलाच थोडा साच्यात भरून ठोकळे करायचे आणि तपासणीला पाठवायचे. ठोकळा टिकला, म्हणजे बांधकाम टिकणार. नियम फार चांगला आहे. ठेकेदार राजेशशेठ तो पाळतातही. फक्त ठोकळ्यांचा माल वेगळा कालवतात. पाहुण्याच्या पानात तूप जरा जास्त पडतं, तसं आमच्या घमेल्यात सिमेंट पडलं. अठ्ठावीस दिवस आम्हाला टाकीत बुडवून ठेवलं. साकवाला दोन दिवस पाणी मिळालं. तिसऱ्या दिवशी टँकर एका लग्नाला गेला.

माझे तीन भाऊ तपासणीत चिरडले गेले, पण पहिल्या वर्गात. मी चौथा, जादाचा, म्हणून वाचलो.

चार वर्षांत साकवाला तडे गेले. सरकारने तो बंद केला आणि शेठना काळ्या यादीत टाकलं. तेव्हा मी खालापूरला माधवी वकिलांच्या टेबलावर आलो. सव्वीस वर्षं बाई ठेकेदारांच्या बाजूने सरकारशी भांडत आल्या होत्या. त्यांच्या फायलींत एकही रस्ता वाईट नव्हता. पाऊसच वाईट होता.

"हा ठोकळा कोर्टात ठेवला की यादीतून नावही सुटेल आणि साकवही खुला होईल," बाई म्हणाल्या. त्या दसऱ्याला मला झेंडूचं फूल मिळालं. मला वाटलं, जन्माचं सोनं झालं.

मग साक्षीच्या तयारीला शेठ साकवाचा मिस्त्री लडकू याला घेऊन आले.

"लडकूदादा, हा साकवाच्या मालातलाच ना?"

त्याने मला लगेच ओळखलं. "नाय बाय. ह्यो आमी येगला कालवला व्हता. साकवात असला माल असता, तं तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

"गप रं!" शेठ ओरडले. "विचारलं तेवढंच सांग."

"तेवढंच तं सांगतोय."

बाईंनी चष्मा काढला. "राजेश, साकव खुला झाला तर तू त्यावरून गाडी नेशील?"

"मी लांबून वळसा घालतो, मॅडम. आधीपासूनच."

"आणि वाडीतली पोरं? त्यांची शाळा ओढ्याच्या अलीकडं आहे."

शेठनी चहात आणखी साखर घातली.

"मी हा ठोकळा कोर्टात नेणार नाही," बाई म्हणाल्या. "नेणारा वकील हवा असेल, तर ही फाईल उचल. नाहीतर साकव पाडून नवा बांधून देतो, असं लिहून दे. त्यावर मी भांडते."

शेठ फाईल घेऊन दारापर्यंत गेले. लडकू जागचा हलला नाही.

"शेठ, माझी नात त्याच शाळंत जाते."

 शेठ परत आले आणि त्यांनी पेन मागितलं.

कोर्टाने ते मान्य केलं. नवा साकव उभा राहिला. मी कोर्ट पाहिलं नाही. सध्या बाईंच्या ऑफिसचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे बसतो. फूल येत नाही. मित्रांनो, मला जपलं नाही तरी चालेल. ज्याच्यावरून माणसं चालणार आहेत, ते जपा.

नव्या साकवाचे ठोकळे लडकूने साकवाच्याच मालातून भरले. ते पास झाले, पण माझ्याइतके गुण काही त्यांना पडले नाहीत. जेमतेम साकवाइतकेच पडले.